सासूबाईंच्या पणजोबांचा शोध : ओल्डहॅमचा एक साधा गिरणी कामगार (मदत हवीये)

पावसाळी_मँचेस्टर

नमस्कार मंडळी, कुलवृत्तांताचे धागे इथे बरेच निघतात पण माझा प्रश्न इंग्रज घराण्याचा आहे, चालवून घ्या. नवरा इथलाच, सासूबाई पुढच्या वर्षी ऐंशीच्या होतील आणि त्यांना माहेरच्या बाजूची वंशावळ नीट करून द्यायची असं मी सगळ्यांसमोर कबूल करून बसलेय. त्यांचे वडील, आजोबा इथपर्यंत काही अडचण नाही आली, आजोबांचा जन्म १८८९, ओल्डहॅम. घोडं अडलंय ते आजोबांच्या वडिलांपाशी. नाव जेम्स, आडनाव इथे जाहीर लिहीत नाही पण ओल्डहॅमच्या दर दुसऱ्या गल्लीत एक निघेल इतकं कॉमन आहे. सूतगिरणीत स्पिनर, म्हणजे सूत कातणारा. ना जमीनजुमला, ना मृत्युपत्र, ना पेपरात नाव, ना थडग्यावर दगड.

आत्तापर्यंत जे मिळालं ते सांगते. १८७१ च्या सेन्ससमध्ये हा ओल्डहॅमला कोणाच्या तरी घरी लॉजर म्हणजे भाडेकरू, वय २४, अविवाहित, जन्मगाव लिहिलंय यॉर्कशरमधलं सॅडलवर्थ. १८८१ मध्ये बायको हॅना वय ३३, तीन पोरं, आणि जन्मगाव ओल्डहॅम, लँकेशर! १८९१ मध्ये परत यॉर्कशर पण आता गाव डेल्फ, आणि बायकोचं नाव सेरा वय ३१. आधी वाटलं हॅना गेली आणि दुसरं लग्न केलं असेल, १८८५ मध्ये एका हॅनाचा मृत्यू जुळतोय पण. पण जन्मनोंदीच्या इंडेक्समध्ये आईचं माहेरचं आडनाव बघितलं तर हॅनाच्या पोरांचं आणि नंतरच्या पोरांचं एकच येतंय. मग हॅना आणि सेरा एकच बाई का? आणि एकच असेल तर दहा वर्षांत दोन वर्षांनी लहान कशी झाली, मलाही ती युक्ती हवीये. दुसरं लग्न ओल्डहॅममध्ये कुठेच सापडत नाही.

सासूबाई एक सांगतात, त्यांचे सगळ्यात थोरले चुलत आजोबा सेराला आई म्हणायचे नाहीत, आंटी म्हणायचे. का ते घरात कोणी कधी विचारलं नाही.

अजून एक, पैसे भरून बघायच्या एका साइटवर कोणीतरी आयतं वंशावळीचं झाड टाकलंय त्यात हाच जेम्स नॉरफोकच्या जमीनदाराचा धाकटा मुलगा दाखवलाय. सासूबाई त्यावर भलत्याच खूश आहेत. खरं असेल का?

चहाबाज

नॉरफोकचा जमीनदार सोडून द्या हो. जमीनदाराचा पोरगा ओल्डहॅमला सूत कातायला कशाला जाईल. त्या झाडात त्या दुव्याला एक तरी कागद जोडलाय का बघा, नसणारच, कोणीतरी नाव आणि जन्मसाल जुळलं म्हणून चिकटवलं असेल आणि बाकीच्यांनी ढापलं असेल. बारा झाडांत तेच लिहिलंय म्हणजे बारा पुरावे नव्हेत, एकच थाप बारा वेळा.

नवऱ्याला नाहीतर सासूबाईंनाच डीएनए टेस्ट करायला लावा, हल्ली सगळे करतात.

जुनाट_कागद

डीएनए नंतर, आधी कागद. मी लीड्सला असते आणि जुनी रजिस्टरं वाचून फुकटच्या इंडेक्ससाठी उतरवून द्यायचं काम हौसेने करते, त्यामुळे असले जेम्स रोज भेटतात.

ताई, तुमच्या प्रश्नात उत्तर पडलेलं आहे, तुम्हीच लिहिलंय की थोरला मुलगा तिला आंटी म्हणायचा. ती आंटीच होती. मावशी. माझा अंदाज सेरा ही हॅनाची धाकटी बहीण, म्हणून माहेरचं आडनाव एक. आपल्याकडे थोरली बाळंतपणात गेली की पोरांकडे बघायला धाकटीला त्याच घरात द्यायचे, त्यात कोणाला वावगं वाटायचं नाही. इंग्लंडमध्ये मात्र हे कायद्याने बंद होतं. चर्च तर आधीपासूनच विरोधात, आणि १८३५ च्या कायद्याने मेलेल्या बायकोच्या बहिणीशी लावलेलं लग्न सरळ रद्दबातल धरायला लागले, म्हणजे लग्नच नाही आणि पोरं अनौरस. हे बदलावं म्हणून पार्लमेंटात वर्षानुवर्षं बिलं येत राहिली आणि पडत राहिली, शेवटी १९०७ ला कायदा झाला आणि त्यात आधी झालेली अशी लग्नंही मान्य केली. (उलटं म्हणजे मेलेल्या भावाच्या विधवेशी लग्न करायला तर १९२१ उजाडलं.) श्रीमंत लोक परदेशात जाऊन लग्न करून यायचे, गिरणीवाले काय करणार, काही तसेच एकत्र राहायचे आणि बरेच जण शेजारच्या मोठ्या शहरात जाऊन गुपचूप उरकायचे. कारण बॅन्स म्हणजे लग्नाची घोषणा तीन रविवार चर्चमध्ये वाचायची असते आणि ज्याला हरकत आहे त्याने उठून सांगायचं असतं, आपल्या गावात शेजारीण उठणार, मँचेस्टरात कोण कोणाला ओळखतंय. ओळखपत्र वगैरे भानगड नव्हतीच.

तर दोन कामं करा. एक, १८८१ च्या सेन्ससचं नुसतं टाइप केलेलं ट्रान्सक्रिप्ट नको, मूळ पानाचा फोटो उघडा आणि त्या घरातली सगळी माणसं वाचा, शक्य तर वरची खालची दोन घरंही. आपण आपल्या माणसाची ओळ मिळाली की थांबतो आणि नेमका माल खालच्या ओळीत असतो.

दोन, लग्न १८८५ ते १८८९ मध्ये मँचेस्टर, ॲश्टन, स्टॉकपोर्ट असं शोधा. १९१२ च्या आधी लग्नाच्या इंडेक्समध्ये जोडीदाराचं आडनाव नसतंच, त्यामुळे फ्रीबीएमडीवर (जन्म-लग्न-मृत्यूच्या इंडेक्सची फुकट साइट) जेम्सचं नाव टाकून जी यादी येईल तिच्यातला प्रत्येक व्हॉल्यूम (नोंदींचा खंड) आणि पान नंबर सेराच्या यादीशी ताडून बघायचा. दोघं एकाच तिमाहीत एकाच पानावर आले तर बहुतेक सापडले. किचकट आहे पण फुकट आहे. बहिणीच ना याची खात्री लग्नाच्या सर्टिफिकेटवर होते, त्यावर नवरा आणि नवरी दोघांच्या बापाचं नाव आणि धंदा असतो.

पावसाळी_मँचेस्टर

अगं बाई. १८८१ चं मूळ पान आत्ता उघडलं. जेम्स, हॅना, तीन पोरं, आणि सगळ्यात खाली सेरा, अविवाहित, वय २२, नातं सिस्टर इन लॉ, काम कॉटन कार्ड रूम हँड, म्हणजे गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात. इतके दिवस मी ते पान नुसतं वरवर बघत होते!! १८८१ ला २२ मग १८९१ ला ३१, एका वर्षाचा फरक म्हणजे काहीच नाही ना?

सासूबाईंना अजून सांगितलं नाहीये. जमीनदार काढून घ्यायचा आणि वर हे द्यायचं.

जुनाट_कागद

एका वर्षाचा फरक म्हणजे फारच प्रामाणिक बाई 😀 वाढदिवस सेन्ससच्या रात्रीच्या आधी की नंतर एवढ्यानेही तो पडतो. आणि १९०१ पर्यंत आपण जे वाचतो ते घरच्यांनी भरलेले फॉर्म नसतातच, ते नष्ट केले, आपण वाचतो ती मोजणी करणाऱ्याने वहीत उतरवून काढलेली नक्कल. त्याला कानाने जे ऐकू आलं, डोळ्याने जे लागलं ते. १९११ पासून मात्र घरातल्या माणसाच्या हातचा फॉर्म बघायला मिळतो, तो नक्की काढा, त्यात लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, किती गेली, किती आहेत असं सगळं विचारलंय.

गिरणगावकर

धागा मस्त. मला वंशावळीतलं काही कळत नाही पण वडील लालबागला साचा खात्यात होते म्हणून ओल्डहॅम म्हटलं की कान टवकारतात. आपल्या मुंबईच्या कित्येक गिरण्यांत यंत्रांवर प्लॅट ब्रदर्स ओल्डहॅम अशी पाटी असायची, ते हेच गाव.

तुमचा जेम्स १८४७ चा ना, म्हणजे कामाला लागला असेल लहानपणीच, १८४४ च्या फॅक्टरी कायद्याने आठव्या वर्षापासून अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत चालायचं. स्पिनर म्हणून नोंद आहे म्हणजे म्यूल हे सूत कातायचं मोठं यंत्र चालवणारा, आणि तिथपर्यंत एकदम पोचत नाही कोणी, आधी पीसर, म्हणजे त्या यंत्राची गाडी मागेपुढे होताना अनवाणी पायाने मागे पळत तुटलेला धागा बोटाने जोडत राहायचं, तेलाने माखलेल्या जमिनीवर. पीसरचा पगार मालक नाही द्यायचा, स्पिनरने स्वतःच्या कमाईतून द्यायचा. वरचा म्हातारा स्पिनर हटेपर्यंत वर्षानुवर्षं पीसरच राहायचे लोक. १८७१ ला २४ वर्षांचा, लॉजर, लग्न नाही, तेव्हा त्याच्या नावापुढे नुसतं स्पिनर लिहिलंय की पीसर ते बघा, त्यावरून लग्नाला का थांबला असेल ते कळेल.

आणि मधली वर्षं बघा, १८६१ ते ६५ अमेरिकेतलं यादवी युद्ध. कापूस बंद, लँकेशरमध्ये गिरण्या बंद, हजारो लोक मदत समित्यांच्या दारात. ऐन चौदा ते अठरा वयाचा पोरगा हा. १८६३ मध्ये स्टेलीब्रिजला तर रोख पैशांऐवजी दुकानाची तिकिटं द्यायला लागले म्हणून दंगल झाली. ज्या थोड्या गिरण्या चालू होत्या त्यात आपल्याकडचा सुरतेचा कापूस यायला लागला, तो आखूड धाग्याचा, सारखा तुटायचा, तुटला की काम कमी आणि काम कमी की पगार कमी, त्यामुळे सुरत हे नाव काढलं की तिथले कामगार शिव्या घालायचे. त्याच वेळी मुंबईत त्याच कापसावर शेठ लोक रातोरात गब्बर होत होते आणि बॅकबेच्या भरावाच्या शेअर्सवर सट्टा चालला होता, युद्ध संपलं आणि १८६५ ला सगळं कोसळलं. एकाच कापसाच्या गाठीची दोन टोकं. सासूबाईंना जमीनदाराऐवजी हे सांगा, हे तरी खरं आहे.

खवट_म्हातारा

बायकोचं सुटलं, आता जन्मगावाचं. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत यात विरोध काही नाही.

सॅडलवर्थ हे एक गाव नाही, डोंगरातल्या खेड्यांचा पट्टा आहे आणि डेल्फ त्यातलंच एक खेडं. ओल्डहॅमच्या अगदी शेजारी. जुन्या हिशेबाने हा पट्टा यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंगमध्ये, पण पेनाइन डोंगराच्या लँकेशरकडच्या उतारावर. चर्चच्या हिशेबाने तर तो लँकेशरच्याच रॉचडेल पॅरिशचा भाग होता. १९७४ पासून ओल्डहॅम बरोमध्ये ग्रेटर मँचेस्टरला जोडलाय, तरी तिथले म्हातारे अजून स्वतःला यॉर्कशरवाले म्हणवतात. त्यामुळे १८८१ ला मोजणीवाल्याला हॅनाने दार उघडून ओल्डहॅम म्हणून सांगितलं असेल तर तिचं काही चुकलं नाही.

याचा उपयोग असा की तुम्ही लँकेशरमध्ये जन्म शोधत बसला असाल तर आयुष्यभर मिळणार नाही. इंडेक्समध्ये १८५२ पासून ओल्डहॅम ८डी व्हॉल्यूममध्ये येतं आणि सॅडलवर्थ ९ए मध्ये, त्याच्या आधी रोमन आकडे होते पण तेव्हाही दोन्ही वेगळेच. सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली तरी सुरुवातीला न नोंदवल्याबद्दल पालकांना फारसं कोणी धरत नव्हतं, खरी सक्ती १८७५ पासून. म्हणजे १८४७ चा जन्म नोंदवलेला असेलच असं नाही. सॅडलवर्थ डिस्ट्रिक्टमध्ये १८४६ ते ४८ चे त्या आडनावाचे सगळे जेम्स काढा, मग त्याच डिस्ट्रिक्टमध्ये लहानपणी मेलेले जेम्स काढा आणि वजा करा. जीआरओच्या (जन्ममृत्यू नोंदींचं सरकारी कार्यालय) स्वतःच्या इंडेक्समध्ये मृत्यूचं वय सुरुवातीपासून दिलंय, त्यामुळे हे घरबसल्या होतं. जे दोन-तीन उरतील त्यांना १८५१ च्या सेन्ससमध्ये आईबापासकट गाठा, ४ वर्षांचा पोरगा, घरात बहुतेक लोकरीचा हातमाग. तिथून बापाचं नाव घ्या आणि जेम्सच्या लग्नाच्या सर्टिफिकेटवरच्या बापाशी ताडा.

नॉरफोकवाल्यांना हे सगळं करायचा कंटाळा आला म्हणून जमीनदार.

पावसाळी_मँचेस्टर

सगळ्यांना एकदम लिहिते, शनिवार-रविवार यातच गेला, घरी पास्ता आणि टोस्टवर भागवलं.

लग्न सापडलं!! दोघं एका पानावर, १८८८ ची पहिली तिमाही, मँचेस्टर. रजिस्टरचा फोटो लायब्ररीत फुकट बघता आला. मँचेस्टर कॅथेड्रलमध्ये लग्न लागलंय. जेम्स विधुर वय ४१, सेरा स्पिन्स्टर म्हणजे अविवाहित, वय २८ लिहिलंय. राहण्याचा पत्ता दोघांचाही तोच, अँकोट्समधल्या एकाच घराचा, जिथे मला वाटतं ते कधी राहिलेच नाहीत. जेम्सने सही केलीये, अक्षर चांगलं आहे, सेराने फुली मारलीये. साक्षीदार दोन, आणि तेच दोघं त्या पानावरच्या इतर लग्नांनाही साक्षीदार आहेत, म्हणजे घरचं कोणी आलेलंच नाही, चर्चमधलेच कोणीतरी उभे केले असणार.

मग हॅनाचं लग्न काढलं, १८७३, ओल्डहॅमचं सेंट मेरीज. तिथे साक्षीदारात सेराच्या एका भावाचं नाव. आणि जुनाट_कागद तुम्ही म्हणालात तसं वधूपिता दोन्हीकडे एकच, कोळशाच्या खाणीत कामाला. पहिल्या लग्नात त्याच्या नावापुढे काही नाही, दुसऱ्यात डिसीज्ड. जेम्सचा बाप दोन्हीकडे सॅम्युअल, वुलन वीव्हर. खवट काका, लोकर!

१९११ चा फॉर्मही बघितला, त्याच सहीचा, लग्नाला २३ वर्षं, सहा मुलं, चार जिवंत, दोन गेलेली. १९०७ चा कायदा तोपर्यंत झालेला. त्याला कळलं असेल का हो की आता आपलं लग्न कायदेशीर झालं?

सासूबाईंना काल सांगितलं. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या दॅट एक्सप्लेन्स आंटी, आणि लगेच विचारलं की हॅनाला कुठे पुरलंय. जमीनदाराचं नावही काढलं नाही.

चहाबाज

भारी! डीएनए कॅन्सल, हॅना आणि सेरा दोघीही एकाच रक्ताच्या, काय कळणार त्यात.

खवट_म्हातारा

एकदम कॅन्सल नको. नॉरफोकची थाप पाडायला तेवढी उपयोगी पडेल, सॅडलवर्थच्या घराण्यांचे वंशज टेस्ट केलेले असतील तर त्यांच्याशी जुळणी येईल. पण सासूबाईंची करा, नवऱ्याची नको, दर पिढीत वाटा निम्मा होतो.

सॅम्युअल मिळाला हे फार चांगलं. आता १८४१ चा सेन्सस बघताना सांभाळून, त्यात पंधराच्या वरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढून लिहायला सांगितलं होतं. २५ दिसलं तर तो २५ ते २९ मधला कोणीही. नातंही लिहिलेलं नाही आणि जन्मगाव तर नाहीच, नुसतं याच काउंटीत जन्म, हो की नाही. आणि १८३७ च्या आधीचा बाप्तिस्मा फक्त पॅरिश चर्चमध्ये शोधू नका. त्या डोंगरात चॅपलवाले, म्हणजे सरकारमान्य अँग्लिकन चर्च न मानणारे, लोक खूप होते, डेल्फलाच जुनं इंडिपेंडंट चॅपल आहे. असल्या चॅपलांची बरीचशी रजिस्टरं सरकारने मागवून घेतली होती, ती आता लंडनमधल्या क्यूला नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत आणि स्कॅन ऑनलाइन मिळतात. १८१३ पासून अँग्लिकन बाप्तिस्म्याच्या छापील फॉर्मवर बापाचा धंदा असतो, एकाच नावाचे चार सॅम्युअल आले तर धंदा आणि वस्तीचं नाव यावरूनच वेगळे होतील.

जुनाट_कागद

काय सुंदर झालं हे. त्याला कळलं असेल का याला कागद नाही, पण १९०७ ला पेपरात त्या कायद्याची चर्चा भरपूर होती आणि माणूस वाचणारा दिसतोय.

हॅनाच्या दफनासाठी ओल्डहॅमच्या म्युनिसिपल कबरस्तानांची रजिस्टरं बघा, ग्रीनेकर्स आणि चॅडरटन दोन्ही १८५७ ची आहेत. दगड नसला तरी रजिस्टरमध्ये प्लॉट नंबर असतो, आणि गरिबांच्या कबरीत एकावर एक अनोळखी माणसं पुरायचे तर त्याच नंबरखाली अजून नावं दिसतील, दचकू नका. त्याआधी हॅनाच्या मृत्यूचं सर्टिफिकेट मागवा, जीआरओची डिजिटल इमेज सगळ्यात स्वस्त पडते. कारण काय लिहिलंय ते बघाच पण खबर देणारं कोण ते आधी बघा, त्या रकान्यात नाव, नातं आणि पत्ता असतो. मला तर वाटतं तिथे सेराचंच नाव निघेल.

आणि १९२१ चा सेन्सस राहिला की. त्यात नोकरी करणाऱ्याच्या मालकाचं नाव आणि कामाची जागा लिहिलेली असते, म्हणजे सासूबाईंच्या आजोबांची नेमकी गिरणी मिळेल, आणि सेरा तेव्हा जिवंत असेल तर कोणत्या मुलाकडे राहत होती तेही. यापुढचा १९३१ चा शोधू नका, तो १९४२ ला आगीत गेला.

पावसाळी_मँचेस्टर

सर्टिफिकेट आत्ताच ऑर्डर केलं. गिरणगावकर दादा, १८७१ चं पान पण परत बघितलं, पीसरच लिहिलंय.

गिरणगावकर

बघा. २४ व्या वर्षी पीसर, म्हणून लॉजर. गिरणीचं नाव मिळालं की इथे टाका, प्लॅटची यंत्रं होती का ते मला बघायचंय.